नाकाकडे पुसायचं

एप्रिलात पारोळ्याला वारा भट्टीतून निघाल्यासारखा येतो
आणि माझ्या गिरणीत त्यात कळण्याचं पीठ मिसळतं.
उजवा डोळा पाणी काढून मोकळा होतो.
डावा तसाच बघत राहतो,
त्याच्यामागे खोबण कोरडी पडते
चुलीवर विसरलेल्या तव्यासारखी.

सकाळी पापण्या चिकटलेल्या.
कोमट पाणी, कापसाचा बोळा.
निघतं ते पू नव्हे, पुवाचा चुलतभाऊ.
गिऱ्हाईक विचारतं, केवळबाई, रडल्या का काय?
मी म्हणते, हो, एका बाजूनं.

अकराव्या वर्षी विटी लागली.
ती कुणी टोलली होती
हे आमच्या घरात अडतीस वर्षं कुणी बोललं नाही.
हिलालनं नंतर दांडू हातात धरला नाही
आणि माझ्याशी बोलताना तो कायम
माझ्या उजव्या बाजूला उभा राहतो.

हा माझा तिसरा डोळा.
शंकरासारखा नव्हे, तिसऱ्यांदा बनवलेला.
पहिला लहान झाला, शाळेच्या झग्यासारखा.
दुसरा सासरी राहिला, नवऱ्यासकट.
हा सोळा वर्षं टिकला.
सोळा वर्षं मी तो पदरानं पुसला,
अंगाच्या साबणानं धुतला,
एकदा तर तांब्या घासावा तसा चिंचेनं घासला.
डोळ्यालाही चरे पडतात
हे सांगायला कुणी नव्हतं.

धुळ्याला हिलालच्या मोटारसायकलवर गेलो.
खैरनार नावाचा पोरगा, तिशीचाही नसेल.
रबराच्या इवल्या टोपणानं त्यानं डोळा ओढून काढला,
दिव्याखाली धरला,
"मावशी, बघा, केवढं साचलंय."
बाभळीच्या डिंकासारखा थर होता,
खाली बारीक बारीक ओरखडे,
त्यातला चिंचेचा कुठला ते मला कळलं.

मग मोटर फिरली. कापडाचं चाक, पांढरी पूड.
आवाज ओळखीचा, आपल्याच धंद्यातला.
मी रिकाम्या खोबणीवर रुमाल धरून बसले होते.
खोली अरुंद, उजवीकडे टेबल,
हिलालला पहिल्यांदाच डावीकडे उभं राहावं लागलं.

"दुखस का व, बहीन?"
त्याचं तोंड मला दिसत नव्हतं.
"दुखस नही. खुपस."
"कधीपाईन?"
"सोळा सालपाईन," मी म्हणाले,
डोळ्याबद्दल म्हणाले.
त्याला अडतीस ऐकू आलं असावं.
तो पुढे काही बोललाच नाही,
चाकाकडे बघत राहिला असेल.

डोळा परत आत गेला, गार, गुळगुळीत,
वरच्या कडेला थोडा भर घातलेला,
म्हणजे पापणी आता नीट टेकते.
खैरनार सांगत होता:
रोज काढू नका, खोबण चिडते.
हात धुतल्याशिवाय शिवू नका.
झोपताना तेलकट थेंब, दोन,
कारण ही पापणी झोपेत पुरती मिटत नाही.
गिरणीत चष्मा लावा, नंबराचा नसला तरी.
वर्षाला एकदा पॉलिश.
पुन्हा पिवळं आलं, वास आला, तर घरी बसू नका, डॉक्टरकडे जा.
आणि पुसताना नाकाकडे पुसा, कानाकडे नाही,
कानाकडे पुसलं की डोळा फिरतो,
भलतीकडेच बघायला लागतो.

मी अर्धं विसरले.
हिलाल पोती मोजावी तसं बोटांवर मोजत होता.

मुकटीच्या आसपास उसाच्या रसाला थांबलो.
ट्रक गेला, धुरळा उडाला,
डोळ्यात गेलं काहीतरी, मी पदर लावला.
"नाककडे!" तो ओरडला,
रसवाला दचकला. "नाककडे पुस!"

"हाऊ खरा शे रे," मी म्हटलं.
"याले कसाबी पुसता येस."

मला वाटलं हसेल.
त्यानं माझ्या हातातला रुमाल घेतला
आणि स्वतःचे दोन्ही पुसले,
कानाकडे, नाकाकडे, कसेही.
धूळ आहे म्हणाला.
आहेच की, धुळ्याचा रस्ता.

रसवाल्यानं न विचारता
दोघांच्या ग्लासात अर्धा अर्धा अजून ओतला.